बाबांच्या अंदाजे वजनाची वस्तू

४ जानेवारी

ताई,

नमस्कार. खुशाली शेवटी लिहितो, आधी बातमी. मी गाडी घेतली!

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान वाक्य तरी पुरं होतं.

गाडी सेकंडहँड आहे. पाच माणसांची, लांबलचक, मागे डिकी एवढी मोठी की आपलं लहानपणीचं कपाट आडवं मावेल. रंग ओल्या सिमेंटसारखा. रस्त्याकडेला उभी केली तर कुत्रंसुद्धा वळून बघणार नाही. पण बोनेटखाली जे बसवलंय ना, ते बायकापोरांच्या माणसाला शोभणारं नाही. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. बायकोला म्हणाला होता, मुलांना शाळेत सोडायला साधी गाडी घेतोय. पहिल्याच दिवशी मुलं शाळेत पोचली तेव्हा शिपाई अजून किल्ल्या शोधत होता. बायकोने गाडी विकायला लावली. माझी बायको एक चक्कर मारून आली आणि उतरल्यावर बराच वेळ दाराला धरून उभी होती. चेहरा उतरला होता, पण "वाईट नाही" म्हणाली.

आता मुद्द्याचं. ही गाडी मी माझ्या हौसेसाठी घेतलेली नाही. बाबांना तुझ्या घरी आणायला घेतली आहे. तुझं लग्न झाल्यापासून ते एकदाही तुझ्याकडे आले नाहीत, हे तू दर पत्रात लिहितेस आणि मी दर वेळी वाचून मान खाली घालतो. रेल्वे नको म्हणतात, बस नको म्हणतात. म्हटलं, आपलीच गाडी असली आणि झपकन पोचवणारी असली तर नाही कशाला म्हणतील?

बाबा तसे बरे आहेत. त्या सहा मजली दुकानाने बटणांची लिफ्ट बसवून लिफ्टमनला, म्हणजे त्यांना, घरी पाठवलं त्याला वर्ष होईल, पण सवय कुठे जाते? उभा जन्म तिथल्या जुन्या लिफ्टमध्ये स्टुलावर काढला. अजून आमच्याकडे कोणी दार वाजवलं की आधी म्हणतात, "आतल्यांना बाहेर येऊ द्या." आत आम्हीच असतो, आणि आम्हाला कुठेही जायचं नसतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तुझ्या दारात. लिहून ठेव.

तुझा,
ठोंब्या

*

१२ जानेवारी

ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे परत घेतेय, कारण तुझ्यासारख्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला विमान कशाला लागतं हे मला कळलं नाही. पण बाबांना आणतोयस ना, मग विमान आण नाहीतर रणगाडा आण.

खोली तयार आहे. हे म्हणाले, खिडकीशी आरामखुर्ची ठेवू. मी म्हटलं, बाबा आयुष्यात पाठ असलेल्या खुर्चीत बसलेले नाहीत, त्यांना स्टूलच लागेल. मग आम्ही दोन्ही ठेवलं. हे रोज चष्म्याचं दुकान बंद करून आले की खुर्चीत बसून बघतात, आराम वाटतो का. मी म्हटलं, पाहुण्याआधी खुर्ची तुम्हीच संपवाल.

तुला सांगते, मी वर्षातून एकदा तुमच्याकडे येते, दोन दिवस राहते, बाबा माझ्या हातचा चहा पितात आणि छान म्हणतात. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपात मी त्यांना कधी चहा दिला नाही. लोक विचारतात, वडील येत नाहीत का? मी म्हणते, गुडघे. किती वर्षं एकाच गुडघ्यावर भागवू?

हळू चालव.

ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

रागावू नकोस. पहिला रविवार गेला हे मला माहीत आहे, आमच्याकडेही कॅलेंडर आहे.

झालं काय, ब्रेक. गाडी पळते उत्तम, पण थांबताना जरा विचार करते. आमचा गॅरेजवाला दाढीवाला म्हणाला, "साहेब, एवढ्या ताकदीला हे ब्रेक म्हणजे थट्टा आहे." आता मोठे ब्रेक घातलेत. इतके सुरेख लागतात की पहिल्याच दिवशी बायकोची पर्स मागच्या सीटवरून पुढच्या काचेवर गेली. मग लक्षात आलं, ब्रेक एवढे चांगले तर शॉकअप जुने कसे चालतील? तेही बदलले. मग टायर. दाढीवाला म्हणतो, गाडी माणसासारखी असते, एक दात बसवला की बाकीचे हलायला लागतात. हे त्याला बहुतेक त्या डॉक्टरने सांगितलं असावं.

शिवाय मागची सीट काढून टाकली आहे. का ते भेटीत सांगेन.

एक विचारायचं होतं. तुमच्या गावाकडे येणारा रस्ता सलग, एका वेगाने जाण्यासारखा आहे की मध्ये मध्ये थांबायला लागतं? थांबायला लागत असेल तर उत्तम.

मार्चमध्ये नक्की.

ठोंब्या

*

२ मार्च

ठोंब्या,

रस्ता सरळ आहे, गुळगुळीत आहे आणि नुकताच केलाय. यात तुला वाईट वाटण्यासारखं काय आहे ते मला समजत नाही.

आणि मागची सीट काढलीस? बाबा कुठे बसणार? बोनेटवर?

मला गोल गोल फिरवू नकोस. लहानपणी सायकल मोडून आलास की तू असंच घंटीबद्दल बोलायचास. बाबांची तब्येत बरी आहे ना? ते येतो म्हणालेत ना? त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "गाडी अजून तयार नाही." तुझेच शब्द, तुझाच सूर. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय?

ताई

*

२८ मार्च

ताई,

काहीही लपवत नाही. गाडीत जे चाललंय ते सगळं कळवतो, बघ.

टर्बो बदलला! आधीचा वाईट नव्हता, पण त्याला जाग यायला वेळ लागायचा. नव्याला पाय दाखवायचा अवकाश. दाढीवाला गॅरेजमधली माणसं बोलावून बोलावून दाखवतो. सायलेन्सरही मोठा केला, त्यामुळे आता गाडी खालच्या आवाजात रागावल्यासारखी वाजते. आमच्या गल्लीत मी आलो की लोक कपडे वाळत घालायचं थांबवतात.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक चाचणी घेतो. मागे बाबांच्या अंदाजे वजनाची वस्तू ठेवतो आणि जोरात पळवणे, दाबून थांबवणे, परत पळवणे, परत थांबवणे, असं शहराबाहेरच्या रस्त्यापर्यंत करतो. वस्तू अजिबात घसरत नाही. निकाल फार चांगले आहेत.

आणि तुला खोटं वाटेल, पण या गाडीचा मान काय वाढलाय! परवा सिग्नलला उभा होतो तर शेजारच्या स्कूटरवाल्याने गाडी बघितली, इंजिन बंद केलं आणि चक्क मान खाली घातली. मग मागच्या रिक्षाने. मग ट्रकवाल्याने. ट्रॅफिक पोलिसाने चारी बाजूंची वाहनं अडवून मला आधी जाऊ दिलं. जाणकार माणसं सगळीकडे असतात गं, फक्त आपल्याला माहीत नसतं.

थोडंच काम राहिलंय.

ठोंब्या

*

६ एप्रिल

तू आता गाडीचं नावही काढू नकोस.

तू चाचण्या घे. वस्तू ठेव, घसरते का बघ. माझ्या घरातल्या खुर्चीवर हे बसतात, स्टुलावर मी भाजी निवडते. आमचं छान चाललंय.

बाबांना यायचं नाही, एवढंच आहे ना? मग सरळ लिहायचं होतं. मला काय ते कळत नाही? तू त्यांच्याजवळ राहिलास, मी लांब गेले. जवळच्याचं घर ते घर, लांबच्याचं घर म्हणजे पत्ता. मी इतकी वर्षं गुडघ्यांना बोल लावत राहिले आणि खरं कारण मीच होते. रडत नाहीये. हे बघतायत म्हणून लिहितेय की रडत नाहीये.

ताई

*

११ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. हे पत्र मी लिहितेय ते घरात कोणाला ठाऊक नाही. तुमच्या भावाने तुमचं पत्र वाचलं आणि तो गाडीत जाऊन बसलाय. गाडी चालू नाही. नुसता बसलाय. मला बघवेना, म्हणून आता काय व्हायचं ते होवो.

गाडीला काही झालेलं नाही. ती घेतली त्याच दिवशी तुमच्याकडे येण्यासारखी होती. बाबांना भीती वाटते.

हसू नका. मलाही आधी वाटलं, माझी थट्टा करतायत. पण खरंच. त्यांचं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं. घर ते दुकान चालत. आडवं असं ते कधी गेलेच नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना गाडीत पुढे बसवलं, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि झाडं बाजूने पळायला लागली तसे त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या नवऱ्याचा हात असा धरला की गाडी फुटपाथवर गेली. घामाने सदरा भिजला होता. घरी येऊन म्हणाले, "हिला भीती म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण पोरीला सांगायचं नाही. तिला वाटेल बाप भित्रा आहे." शपथ घातली. तुम्हाला काहीही कळवायचं असेल तर गाडीवर ढकलायचं असं ठरलं. इतकी वर्षं गुडघ्यांवर ढकललं होतं, आता गाडी मिळाली.

मग तुमच्या भावाने डोकं चालवलं. त्याचं डोकं तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, लिफ्ट वर निघाली की काय होतं? पाय खाली दाबले जातात. गाडी पळाली की काय होतं? माणूस मागे दाबला जातो. म्हणजे माणसाला गाडीत आडवं झोपवलं, डोकं ड्रायव्हरकडे, पाय डिकीच्या दाराकडे, आणि पायाशी जाड फळी मारली, की गाडी पळाल्यावर पाय फळीवर दाबले जाणार आणि त्या माणसाला वाटणार, आपण वर चाललोय! ब्रेक मारला की खाली. म्हणून मागची सीट निघाली. म्हणून गादी आली. पण एका वेगाने गाडी गेली तर पायांना काहीच कळत नाही, आणि बाबांना वाटतं लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. लिफ्टमनला त्यासारखी दुसरी धास्ती नाही. म्हणून सारखं पळवायचं आणि सारखं थांबवायचं. म्हणून ब्रेक, म्हणून टर्बो, म्हणून सगळं. दाढीवाल्याला यातलं काही माहीत नाही, तो बिचारा समजतो आम्ही शर्यतीत भाग घेणार आहोत.

ती "अंदाजे वजनाची वस्तू" म्हणजे बाबाच. अंदाजे कसलं, अगदी नेमकं वजन.

आणि सिग्नलवर लोक माना खाली घालतात ते गाडीला बघून नाही. लांब गाडी, मागे गादी, त्यावर छातीवर हात ठेवून डोळे मिटलेला म्हातारा माणूस. तुम्हीच सांगा, लोकांना काय वाटेल? मी नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. त्याला केवढा आनंद होतो त्या माना बघून. पण गेल्या आठवड्यात मी बरोबर होते. गाडी थांबली तसे बाबा उठून बसले, काचेतून एवढी माणसं बघितली आणि त्यांना म्हणाले, "कितवा मजला?" एक बाई किंचाळत दुकानात शिरल्या. पोलीस तिथेच फुटपाथवर बसला. सिग्नल हिरवा झाला तरी कोणी हललं नाही, फक्त आम्ही निघालो.

आता खरी गोष्ट. बाबांना त्या झोपण्याने जराही बरं वाटत नाही. मी त्यांना विचारलं. म्हणाले, "उलट जास्त भीती वाटते, बाहेरचं काही दिसत नाही. पण तो एवढं करतोय गं. रोज विचारतो, वर गेल्यासारखं वाटलं का बाबा? मी म्हणतो, तिसरा आला. पोराचा हिरमोड कशाला?"

तर वन्सं, एकजण भीत भीत रोज झोपतो, दुसरा त्यासाठी रोज टर्बो आवळतो, आणि दोघंही हे तुमच्यासाठी करतायत. तुम्ही म्हणताय तुम्ही नकोशा आहात. कपाळाला हात लावायची वेळ आली आहे.

हे पत्र फाडून टाका. नाहीतर नका फाडू, मला आता पर्वा नाही.

तुमची भावजय

*

१७ एप्रिल

ती. बाबांस,

नमस्कार. तुम्ही माझ्याकडे येऊ नका.

हे रागाने लिहिलेलं नाही, म्हणून चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा. तुम्हाला भीती वाटते हे मला कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका, एवढंच म्हणते की तुमची सून सोन्यासारखी आहे.

मी तुमच्यावर रुसले होते. मनात म्हणायचे, बाबांना मुलगा जवळचा, मी परकी. तुम्ही भीत असाल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी लहान असताना दिवे जाऊन लिफ्ट अंधारात अडकली होती, आत बारा-पंधरा माणसं ओरडत होती आणि तुम्ही शांतपणे सगळ्यांना सांगत होतात, "पाचवा मजला, पडदे, उशा, चादरी, जरा वेळाने." असा माणूस कशाला भिईल? तर भितो. बरं झालं कळलं. मीही पुष्कळ गोष्टींना भिते, पण तुमची मुलगी म्हणून दाखवत नव्हते.

घर कसं आहे ते तुम्हाला कागदावरच दाखवते. एकच मजला आहे. तळमजला: मी, तुमचे जावई, दुकानातून घरी आणलेले मोडके चष्मे, एक मांजर, आणि तुमची खोली. ती खोली तशीच राहील, कोणाला देणार नाही. दिवाळखोर झालो तरी देणार नाही.

सुट्टीत मी येईन. वर्षातून एकदाऐवजी दोनदा येईन. आणि उद्यापासून त्या गादीवर झोपू नका. ठोंब्याला मी समजावते.

तुमची मुलगी

*

२७ एप्रिल

ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "आलेत, सुखरूप आहेत, दूध उतू जातंय, ठेवते," आणि ठेवलास. असं कोणी करतं का? आता सविस्तर लिही. मी इकडे काय काय सोसलं ते ऐक.

सकाळी उठलो तर बाबा नाहीत. अंथरूण घडी घालून ठेवलेलं. दुकानाचा निळा कोट खुंटीवर नाही. तुझं पत्र उशाशी. ते वाचलं आणि तसाच बाहेर धावलो. मला वाटलं, ते जुन्या दुकानात गेले असणार. तिथे गेलो. बटणांच्या लिफ्टमधून सहाही मजले फिरलो, उशांच्या ढिगामागे बघितलं. तिथली मुलगी मला म्हणते, "साहेब, काय हवंय?" मी म्हटलं, "वडील." ती म्हणाली, "ते इथे नाही मिळत." मग नदीकडे गेलो. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. एवढी वेगवान गाडी, ताई, आणि कुठे जायचं तेच माहीत नाही. गल्लीगल्लीत फिरलो. लोक माना खाली घालत नव्हते. मग बायकोने सगळं सांगितलं, माना का घालायचे तेसुद्धा.

बसने गेले! बसने! मी या गाडीला काय कमी केलं होतं? ब्रेक बघ, टर्बो बघ. वाईट वाटतं गं. रडलोसुद्धा, खोटं कशाला बोलू. मी त्यांना तुझ्या दारात आणणार होतो. मला ते हवं होतं. सगळं केलं ते त्यासाठी केलं, आणि ते साधं तिकीट काढून निघून गेले. आणि मी रोज त्यांना घाबरवत होतो. वर गेल्यासारखं वाटलं का बाबा, असं विचारत होतो.

गाडी विकायला काढू म्हणतो. दाढीवाल्याने ऐकून हातातला पाना खाली ठेवला.

बाबा कसे आले? घाबरले का? आणि त्यांना परत कधी पाठवतेस? की आता तिकडेच?

ठोंब्या

*

३ मे

ठोंब्या,

दूध खरंच उतू जात होतं. बाबा माझ्या स्वयंपाकघरात उभे होते आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिले, शेगडीकडे कोण बघतो?

सांगते सगळं. दुपारी दार वाजलं. उघडलं तर निळा कोट, आणि त्यांच्यामागे बसचा कंडक्टर, त्यांची पिशवी धरून. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "आतल्यांना बाहेर येऊ द्या." मी बाहेर आले. आणि मग तिथे पायरीवरच मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. कंडक्टर पिशवी धरून आभाळाकडे बघत होता.

त्या कंडक्टरने मला सगळी हकीकत सांगितली. बाबा बसमध्ये चढले ते सीटवर बसलेच नाहीत. दाराशी उभे राहिले, दांडा घट्ट धरून. पहिला थांबा आला, तर बाबांनी दार उघडलं, स्वतः खाली उतरले, उतरणाऱ्यांना उतरू दिलं, चढणाऱ्यांना चढवलं, मग स्वतः चढून दार लावलं. दुसऱ्या थांब्याला तेच. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा." तर म्हणाले, "माझी ड्यूटी आहे." तिसऱ्या थांब्यापासून पुकारायला लागले. "चौथा! उसाची शेतं, पेट्रोल पंप, दोन बाकडी!" एका गावात काहीच नव्हतं, तर म्हणाले, "सातवा, सध्या रिकामा, माल येतोय." त्या गावच्या माणसाला म्हणे फार बरं वाटलं. बस एवढी उशिरा पोचली की ड्रायव्हरची बायको स्टँडवर शोधत आली होती. पण एका माणसानेही तक्रार केली नाही. उतरताना लोक वळून बाबांना नमस्कार करत होते. खरा नमस्कार, जिवंत माणसाला करतात तो.

कंडक्टर गेल्यावर मी त्यांना माझ्या कपात चहा दिला. कुठे बसले माहिती आहे? आरामखुर्चीत. स्टुलाकडे बघितलंसुद्धा नाही. पाठ टेकली आणि म्हणाले, "असं असतं होय." हे आनंदाने एवढे बावचळले की स्टुलावर बसून समोर नुसते हसत राहिले.

मग मी विचारलं, "बाबा, बसमध्ये भीती नाही वाटली?" मला वाटलं म्हणतील, नाही, काम होतं ना हाताला. तर म्हणाले, "पूर्ण रस्ताभर वाटली. दर थांब्याला वाटलं, इथेच राहावं, परत फिरावं. उतरायचोच. पण लोक चढलेले असायचे, त्यांचं दार कोण लावणार? म्हणून परत चढायचो." चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तू येऊ नका लिहिलंस ना, तेव्हा वाटलं, आता नाही गेलो तर पोरगी खरंच वाट बघायची थांबेल."

ठोंब्या, मी त्यांचा कप परत भरला. माणूस न घाबरता आला असता तर मला एवढं कळलंच नसतं.

तू विचारतोस, परत कधी पाठवतेस. मी त्यांनाच विचारलं. म्हटलं, त्याच बसने जा, तो कंडक्टर रोज चौकशी करतो, त्याला तुम्ही हवे आहात. तर म्हणाले, "नको. ठोंब्याला बोलाव. गाडीने जाईन." मी म्हटलं, "बाबा, कशाला? जमलं ना बसने." तर माझ्यावरच चिडले. "पोरानं हातातलं सगळं घातलं त्या गाडीत. एकदा तरी तिच्यात नीट बसायला नको? झोपून काय कळतं गाडी कशी आहे ते? पुढे बसणार, त्याच्या शेजारी, डोळे उघडे ठेवून." मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "घाबरेन. पण ते त्याला सांगू नकोस."

मी सांगणार नाही असं कबूल केलंय, तेव्हा हे तू वाचलेलं नाहीस.

गाडी विकू नकोस. मागची सीट परत बसव, कारण आम्ही दोघंही येतोय सोडायला, आणि तुझ्या बायकोलाही घेऊन ये, मला तिला भेटायचंय. दाढीवाल्याला म्हणावं, शर्यत होती आणि आपण जिंकलो, तो खूश होईल. आणि निघाल्यावर बाबा तुझा हात धरतील. घट्ट धरतील. तू काही विचारू नकोस, बरं वाटतंय का, कितवा मजला, काही नाही. एका हाताने स्टेअरिंग धर आणि हळू चालव.

ताई